नुसतं बटण दाबायचं काम

आमच्या नातेवाईकांत माझ्या नोकरीविषयी एक ठाम समजूत आहे. मी एमआरआयचं मशीन चालवते, म्हणजे पेशंटला आत ढकलते, बटण दाबते आणि मशीन खडखडत असताना चहा पीत बसते. लग्नकार्यात कुणी ना कुणी म्हणतंच, "तुझं काय बाई, मशीनच सगळं करतं." यातला चहाचा भाग खरा आहे (गार झालेला असतो एवढंच). बाकीच्याबद्दल पूर्वी मी वाद घालायचे, हल्ली घालत नाही. पण एक वेगळीच काळजी लागून राहिली आहे. आमच्याकडे नव्याने येणारी मुलंसुद्धा हेच समजून येतात, आणि वाईट म्हणजे आम्ही शिकवणारेच त्यांची ती समजूत पक्की करतो. "गुडघा आला की हा प्रोटोकॉल उचलायचा, असा प्लॅन करायचा, स्टार्ट." झालं शिक्षण. महिन्या-दीड महिन्यात तोच मुलगा नाइटला एकटा.

तर आज जरा कामाबद्दल लिहिते. कंटाळा आला तर मधेच सोडून द्या, मी कुणाची परीक्षा घेणार नाही :)

आधी दुसरी बाजू सांगते, कारण ती खोटी नाही. एमआरआयचं मशीन म्हणजे काही कोटींचा मामला. कर्जाचे हप्ते, वीज, देखभालीचा करार, सगळं पेशंटच्या संख्येवर चालतं. त्यामुळे मालक म्हणतो, "वेळ घालवू नका." बाहेर बाकावर बसलेला माणूस पहाटेची एसटी पकडून आलेला असतो, त्याला संध्याकाळच्या आत परत जायचं असतं, तोही तेच म्हणतो. आणि आत टेबलावर झोपलेला माणूस तर सगळ्यात जास्त म्हणत असतो, फक्त तोंडाने नाही. ज्याची कंबर दुखते म्हणून तो आला, त्यालाच कठीण टेबलावर पाऊण तास न हलता पाठीवर झोपवायचं, हा काय न्याय आहे! तेव्हा भराभर काम करणं म्हणजे धंदेवाईकपणा, असं मी मानत नाही. रेंगाळणाऱ्या टेक्निशियनचं मला कौतुक नाही. माझं भांडण वेग कसा शिकवला जातो, त्याच्याशी आहे.

नव्या मुलाला "लवकर कर" म्हटलं की तो काय करतो? पेशंटशी बोलणं कमी करतो. कॉइल कशीबशी बसवतो. उशी नीट लावत नाही. "हलू नका हं" एवढं सांगून दार लावतो. मग तिसऱ्या सिक्वेन्सला पेशंट हलतो, कारण गुडघ्याखाली आधार नाही आणि पायाला रग लागलेली असते. सिक्वेन्स पुन्हा. चार मिनिटं गेली. पुन्हा हलतो. आणखी चार. बाहेर दोन मिनिटं वाचवली होती, आत आठ घालवली. आमच्याकडे वेळ जातो तो बहुतेक असा, पुन्हा पुन्हा करण्यात आणि दोन पेशंटच्या मधल्या गोंधळात. प्रत्यक्ष स्कॅनला लागणारा वेळ मशीनच्या पडद्यावर लिहिलेलाच असतो, तो सगळ्यांना सारखा.

शेतावरून आलेल्या काकांना "आवाज येईल" म्हणून भागत नाही. "काका, ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज येईल, मधेच थांबेल, परत येईल. थांबला म्हणजे संपलं असं समजून उठू नका," हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पोटाच्या स्कॅनमध्ये श्वास रोखायचा असतो, त्याची तालीम मशीनबाहेर, समोरासमोर दोनदा करून घ्यायची. रेकॉर्ड केलेल्या आवाजात हिंदी-इंग्रजी सूचना ऐकून आमच्या आज्या नेमका उलटा श्वास घेतात, आणि मग यकृत धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं.

आता जरा हिशेब. घाबरू नका, भाजीच्या हिशेबापेक्षा अवघड नाही. नेहमीचा एक टी-टू सिक्वेन्स घ्या. चित्र ओळी-ओळींनी भरलं जातं. समजा २५६ ओळी आहेत आणि मशीन एका फेरीत १६ ओळी भरतं. म्हणजे फेऱ्या झाल्या १६. एका फेरीला ४ सेकंद, म्हणजे ६४ सेकंद. चित्र स्वच्छ यावं म्हणून तेच दोनदा घेऊन सरासरी काढतो, म्हणजे १२८ सेकंद, दोन मिनिटं आठ सेकंद. बस, एवढंच. आता वेळ कमी करायचाय? एकदाच घ्या, वेळ निम्मा, पण सिग्नल साधारण तीस टक्के कमी. फेरीत १६ ऐवजी ३२ ओळी भरा, वेळ निम्मा, पण कडा जरा पुसट. स्लाइस ४ मिलिमीटरऐवजी २ चा हवा? सिग्नल निम्मा झाला, आणि तो नुसत्या सरासरीने भरून काढायचा तर वेळ चौपट. प्रत्येक गोष्टीची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

हे गणित मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात कागदावर करायला लावते. मोबाइल बाजूला, पेन्सिल हातात. सुरुवातीला नाक मुरडतात. कॉलेजात हे सूत्र त्यांनी पाठ केलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलं असतं, पण समोरच्या कन्सोलवरचे आकडे आणि ते सूत्र यांचा संबंध कुणी जोडून दिलेला नसतो. जोडला गेला की मात्र चेहरा बदलतो. ज्याला हे कळलं, त्याच्यासमोर पार्किन्सन्समुळे पाच मिनिटं स्थिर राहू न शकणारे आजोबा आले की तो विचार करतो, यांच्याकडून मला किती सेकंद मिळतील आणि तेवढ्यात काय बसवता येईल? ज्याला कळलं नाही तो नेहमीचा प्रोटोकॉल लावतो, हललेली चित्रं घेतो, पुन्हा लावतो, आणि शेवटी रिपोर्टवर लिहून येतं की पेशंटने सहकार्य केलं नाही. मला हे वाक्य फार खटकतं. कित्येकदा सहकार्य आम्ही केलेलं नसतं.

दुसरं उदाहरण मणक्याचं. मणक्याच्या उभ्या चित्रांत एक दिशा ठरवावी लागते. हालचालीचे डाग, म्हणजे गिळण्याचे, श्वासाचे, हृदयाच्या ठोक्यांचे, त्या दिशेने पसरतात. ती दिशा पुढून मागे ठेवली तर गिळण्याचा डाग थेट मज्जारज्जूवर येऊन बसतो. म्हणून आम्ही ती बहुधा डोक्याकडून पायाकडे ठेवतो आणि मानेच्या पुढच्या भागावर सिग्नल दाबणारा एक पट्टा टाकतो. प्रोटोकॉलमध्ये हे सेव्ह केलेलंच असतं, मग कळायची गरज काय? गरज अशी, की एखाद्या दिवशी कुणीतरी जुना प्रोटोकॉल बदलून सेव्ह करून ठेवतो, किंवा पट्टा प्लॅनिंगच्या नादात सरकून मणक्यावरच येतो, आणि ज्याने नुसतं पाठ केलंय त्याला चित्र बिघडलेलं दिसतं पण का ते समजत नाही. तो इंजिनिअरला फोन लावतो. इंजिनिअर दुसऱ्या गावाहून येणार. तोवर रांग.

आणि काही गोष्टी प्रोटोकॉलच्या यादीत सापडतच नाहीत. स्टिर नावाचा एक सिक्वेन्स आहे, चरबीचा सिग्नल नाहीसा करून सूज उठून दाखवणारा. समजा तो घ्यायचा राहिला आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन झाल्यावर आठवलं. घेऊन टाकावा का? नाही. स्टिर चरबी ओळखतो ती तिच्या टी-वन वेळेवरून. कॉन्ट्रास्ट जिथे साचतो तिथलाही टी-वन कमी होतो, चरबीच्या जवळपास येतो, आणि ज्या गाठीसाठी हा सगळा खटाटोप तिचाच सिग्नल स्टिर दाबून टाकू शकतो. चित्र दिसायला सुंदर येतं, तेच त्यातलं वाईट. मशीन अडवत नाही, पडद्यावर लाल दिवा लागत नाही. हे फक्त त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात असावं लागतं. उलट पायात रॉड असलेला पेशंट आला (बाइकचे अपघात एवढे, की रॉड-प्लेटवाले रोजचेच), तर तिथे चरबी दाबायची नेहमीची पद्धत धातूजवळ फसते आणि हाच स्टिर उपयोगी पडतो. एकच साधन, एका ठिकाणी वर्ज्य, दुसऱ्या ठिकाणी तारणहार. यादी पाठ करून हे कसं येणार?

क्रमाचंही तसंच. बेचैन, हातपाय हलवणारा पेशंट, अचानक एक बाजू लुळी पडली म्हणून आणलेला. प्रोटोकॉलमध्ये डिफ्यूजनचा सिक्वेन्स तिसरा की चौथा, काही असो. तो पहिला घ्यायचा. एक-दोन मिनिटांत मेंदूचा कोणता भाग रक्तावाचून तडफडतोय ते दिसतं, आणि पुढे पेशंट उठून बसला तरी डॉक्टरांच्या हातात सगळ्यात मोठ्या प्रश्नाचं उत्तर असतं. मी मुलांना एवढंच विचारायची सवय लावते, "आत्ता या माणसाला अचानक बाहेर काढावं लागलं, तर तुझ्याकडे काय असेल?" या एका प्रश्नाने क्रम आपोआप सुधारतो.

मध्यंतरी आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. सत्तरीचे एक आजोबा, चिठ्ठीवर फक्त "कंबरेचा एमआरआय". कपडे बदलताना त्यांना शर्टाची बटणं काढता येईनात. मावशी मदतीला गेल्या. या मुलीने ते पाहिलं, जवळ जाऊन विचारलं, "आजोबा, हात असे कधीपासून?" तर म्हणाले, चार-पाच महिने झाले, बोटं जड वाटतात, चालतानाही तोल जातो. तिने स्कॅन सुरू करायच्या आधी आत रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन केला. कंबरेचा त्रास असेल तर पाय दुखतील, पण हात का? मॅडमनी मानेची उभी चित्रं जोडीला घ्यायला सांगितली. चार मिनिटांचं काम. मानेत मज्जारज्जू चांगलाच दाबला गेला होता. त्यांचा रिपोर्ट कंबरेचाच गेला असता, "वयानुसार झीज" म्हणून, आणि आजोबा घरी जाऊन कंबरेला मलम चोळत बसले असते. निदान करणं हे आमचं काम नाही, तिने केलंही नाही. तिने पाहिलं आणि विचारलं. त्या दिवशी आमची यादी चार मिनिटांनी लांबली, दुसऱ्यांदा बोलावून करावा लागला असता तो अर्धा तास वाचला, हा हिशेब मी मालकांनाही ऐकवला.

आता सगळे विचारतील, हे सगळं एआय करेल ना? काही करतोयच. आजची नवी मशीन मेंदूचे, गुडघ्याचे स्लाइस आपोआप मांडून देतात. कमी वेळात घेतलेला खरखरीत डेटा सॉफ्टवेअर इतका साफ करतं की पूर्वी चार मिनिटांत मिळायचं ते दोनात मिळतं. मला हे मनापासून आवडतं, पेशंटची सुटका लवकर होते. पण त्या सॉफ्टवेअरला बटणं न काढता येणारे आजोबा दिसत नाहीत. आणि गंमत अशी की चित्र फार गुळगुळीत झालं की त्यातलं बिघडलेलंही गुळगुळीत दिसतं. खरखर हा पूर्वी आमचा इशारा होता, काहीतरी चुकतंय म्हणून. तो इशारा गेल्यावर पाहणाऱ्याची नजर आणखी तयार लागेल. मला भीती वाटते ती ही, की मशीन हुशार झालं म्हणून शिकवणं आणखी कमी होईल.

सुरक्षिततेबद्दल बोलताना मात्र माझा आवाज चढतो, घरचे सांगतील. एक्स-रे, सीटीला किरणोत्सर्ग असतो म्हणून त्यांच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम असतात, छातीवर बॅज असतो, दारावर खूण असते. एमआरआयमध्ये तसला किरणोत्सर्ग नाही, म्हणून मुलांच्या मनात "इथे काही धोका नाही" असं नकळत बसतं. दीड टेस्लाचा मॅग्नेट पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट ताकदीचा असतो आणि तो कधीही बंद नसतो. रात्री दिवे घालवून आम्ही घरी गेलो तरी तो चालूच, द्रवरूप हेलियममध्ये शून्याखाली २६९ अंशांवर गारठलेला. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं त्यांना सांगितलं गेलं होतं, असं घरच्यांनी सांगितल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांचा मुलगा अशाच सिलिंडरने गेला. जुलै २०२५ मध्ये तिथेच लाँग आयलंडवर गळ्यात व्यायामाची जड साखळी घातलेला माणूस खेचला गेला आणि दगावला. परदेश असो की आपण, दारावर पाटी असतेच. पाटी वाचणारं कुणी नसतं.

म्हणून "धातू काही आहे का?" हा प्रश्नच मी मुलांना विचारू देत नाही. कुणीही "नाही" म्हणतो. आमच्या बायकांना साडीची पिन म्हणजे धातू वाटतच नाही, ती साडीचाच भाग असते. विचारायचं ते नाव घेऊन. मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातले आकडे, ब्लाउजचे हुक, कमरेचा करगोटा, दंडातला ताईत, खिशातली चिल्लर, किल्ली, तंबाखूची डबी. पेसमेकर म्हटल्यावर कळलं नाही तर "छातीत मशीन बसवलंय का?" वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम करणाऱ्याला डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे वेगळं विचारायचं. मंगळसूत्र काढायला एखादी नवी नवरी कचरली, तर तिच्यावर ओरडायचं नाही. सासूबाईंच्या हातात द्यायला सांगायचं, लगेच निघतं.

आणि हाताची बोटं एकमेकांत गुंफून पोटावर ठेवलेली दिसली की ती सोडवायची, मांड्या चिकटत असतील तर मधे पॅड ठेवायचं. का? कातडी कातडीला टेकली की शरीरातच एक वळसा पूर्ण होतो, रेडिओलहरींमुळे त्यातून करंट फिरतो आणि टेकलेल्या जागी भाजतं. "सर म्हणतात म्हणून" पॅड ठेवणारा मुलगा मांड्यांत ठेवतो आणि जाड पेशंटचा दंड मशीनच्या भिंतीला टेकलाय ते बघत नाही. कारण माहीत असलेला दोन्ही बघतो.

माझे काही जुने सहकारी म्हणतात, "नव्यांना फार विचार करायला लावू नकोस, प्रोटोकॉलला हात लावतील आणि घोळ करतील." यात तथ्य आहे, पहिले तीन महिने मीही एकही आकडा बदलू देत नाही. पण विचारायला बंदी नाही. उलट रोज दोन "का" विचारल्याशिवाय घरी सोडत नाही. मला उत्तर येत नसेल तर दोघं मिळून शोधतो किंवा मॅडमना विचारतो. मॅडम हल्ली मला पाहिलं की म्हणतात, "आज काय?" आणि एकट्याने नाइट तीन महिन्यांच्या आत अजिबात नाही, यावर मी अडून बसते. २०२१ मध्ये आमच्यासारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, नोंदणी आणि अभ्यासक्रम एकसारखे व्हावेत म्हणून. चांगलंच आहे. पण नाइट ड्यूटीचा तक्ता शेवटी ज्याच्या त्याच्या सेंटरमध्ये लागतो, आणि तो लावणाऱ्याकडे माणसं कमी असतात. त्या तक्त्यापुढे कागदावरचा अभ्यासक्रम टिकत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

पुढच्या महिन्यात दोन नवीन मुलं येताहेत. नेहमीप्रमाणे पहिल्या दिवशी कन्सोलला हात लावायचा नाही. आधी सगळे प्रश्न विचारून, खिसे रिकामे करून, गाऊन घालून टेबलावर झोपायचं. कानात बोळे, डोक्यावर कॉइल, वीस मिनिटं. गेल्या वेळचा एक धिप्पाड मुलगा, व्यायामशाळेत जाणारा, सहाव्या मिनिटाला बेल दाबून बाहेर आला. घाम फुटलेला. म्हणाला, "मॅडम, नाकाला खाज सुटली होती, आणि अजून किती वेळ आहे ते कुणी सांगतच नव्हतं." आता तो प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी माइकवरून सांगतो, "आजी, हा तीन मिनिटांचा आहे. खाजवून घ्या, मग सुरू करतो."